बर्म्युडा क्रूझ: वीस वर्षांच्या नवरा-बायकोला केबिन मिळते का?

प्रेषक: अंजली
विषय: बर्म्युडा क्रूझ, मुलाची केबिन

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या क्रूझसाठी नावं नोंदवायला बसले आणि अडकले. आमचा धाकटा आर्मीत, टेक्सासला आहे. त्याचं लग्न मार्चमध्ये तिथल्या कोर्टात झालं (विधिवत लग्न डिसेंबरात पुण्याला, आमंत्रण येईलच). दोघंही वीस वर्षांची. आमची केबिन झाली, पण त्या दोघांच्या जन्मतारखा टाकल्या की फॉर्म पुढेच सरकत नाही. केबिनमध्ये एकाला तरी 21 पूर्ण हवीत म्हणे.

जाऊबाईंचा सल्ला असा, की कागदोपत्री मुलाच्या केबिनमध्ये हे आणि सुनेच्या केबिनमध्ये मी, मग बोटीवर चढलं की अदलाबदल. नव्या सुनेला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? कुणाला अनुभव आहे का?

अंजली

---

प्रेषक: मिलिंद (ग्रुप बुकिंग)
विषय: उत्तर: बर्म्युडा क्रूझ, मुलाची केबिन

अंजलीताई,

अभिनंदन! पेढे बाकी आहेत.

अदलाबदल नको. लोक करतात आणि बऱ्याचदा खपूनही जातं, पण आपत्कालीन कवायतीला कुठे जमायचं, बोटीवरचा खर्च कुणाच्या खात्यावर पडणार, हे सगळं केबिनला जोडलेलं असतं. आणि तुम्हाला त्याची गरजच नाही.

न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून आपण रॉयल कॅरिबियन कंपनीच्या बोटीनं निघतोय. उत्तर अमेरिकेतून सुटणाऱ्या त्यांच्या बोटींवर 21 च्या आतल्याला मोठ्या माणसाशिवाय केबिन देत नाहीत हे खरं. पण त्या नियमाला सवलती आहेत: आईवडील जोडकेबिनमध्ये असतील तर, प्रवासी सैन्यात असेल तर, आणि जोडपं विवाहित असेल तर. पुरावा मात्र दाखवावा लागतो. तुमचा मुलगा सैन्याच्या ओळखपत्रावर सुटेल, सूनबाई त्यावर सुटणार नाहीत. तेव्हा दोघांसाठी मिळून लग्नाचं सर्टिफिकेटच पुढे करा.

ऑनलाइन फॉर्मला लग्न कळत नाही, त्याला फक्त जन्मतारीख कळते. बुकिंग फोनवर करू, मी एजंटला सांगतो. वय बोट सुटण्याच्या दिवशीचं धरतात, त्यामुळे कुणाचा एकविसावा वाढदिवस बर्म्युडात येत असला तरी केबिनच्या हिशेबात तो धरत नाहीत.

सर्टिफिकेट म्हणजे काउंटी क्लार्ककडची, म्हणजे लग्नं नोंदवणाऱ्या सरकारी कचेरीतली, प्रमाणित प्रत. समारंभात फ्रेम करून देतात तो सोनेरी कागद नव्हे. एक प्रत आत्ताच स्कॅन करून पाठवा आणि मूळ कागद बंदरावर हातात ठेवा. चेक-इन सामानात टाकलात तर ती बॅग संध्याकाळी केबिनच्या दाराशी येईल, आणि तुम्ही काउंटरवर उभे!

अजून एक. लग्नाची सवलत केबिनपुरती. बारवर 21 म्हणजे 21, नवरा असो वा बायको.

मिलिंद

---

प्रेषक: शर्वरी
विषय: उत्तर: उत्तर: बर्म्युडा क्रूझ, मुलाची केबिन

मिलिंददादा, याच धाग्यात घुसते, रागावू नका. माझा भाचा 23 चा, बायको 20 ची. जानेवारीत सांगलीला धूमधडाक्यात लग्न झालं, आता ती इथे अमेरिकेत आली आहे. मे महिन्यात फ्लोरिडाहून कार्निव्हल कंपनीच्या बोटीनं हनिमूनला जायचं म्हणतात. तो तर 21 च्या वर आहे, मग झालं ना? लग्नाची नोंदणी अजून केलेली नाही, पण पत्रिका आहे, सप्तपदीचे फोटो आहेत, व्हिडिओसुद्धा आहे.

---

प्रेषक: मिलिंद (ग्रुप बुकिंग)

शर्वरी, रागावतो कशाला! पण तिची इथली व्हिसाची कागदपत्रं नोंदणीशिवाय झाली कशी? एकदा नीट विचार, सर्टिफिकेट सासऱ्यांच्या कपाटात नक्की असेल.

हे विचारतोय कारण कार्निव्हलचं गणित वेगळं. तिथे 21 च्या आतल्याबरोबर 25 किंवा जास्त वयाचा नातेवाईक वा पालक लागतो. 23 चा नवरा त्यात बसत नाही. विवाहित जोडप्याला तिथेही सूट आहे, पण पुराव्यावर. आपल्या बोटीवर हाच मुलगा विनातक्रार चालला असता. भारतातल्या कायद्यानं नवरा 21 चा असावाच लागतो, त्यामुळे तिथे लग्न झालेल्यांना साध्या 21 च्या नियमाचा त्रास सहसा होत नाही. त्रास होतो तो या 25 चा.

पत्रिका आणि सप्तपदी काउंटरवरच्या माणसाला दाखवू नका, तो बिचारा फार तर नारळ कुठाय विचारेल.

आणि नाव! तिचा पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा असणार, मधलं नाव वडिलांचं. सासूबाईंनी उत्साहात तिकीट नव्या नावाने, नवऱ्याचं नाव मधे घालून काढलं की संपलं. तिकीट पासपोर्टबरहुकूम हवं. सर्टिफिकेटवर लग्नाआधीचं नाव असेल तर उलट उत्तमच, दोन्ही कागद जुळतात.

मिलिंद

---

प्रेषक: चारुता (आता लंडनला, पण ही मेलिंग लिस्ट सोडवत नाही)

तुमच्याकडचं ऐकून गंमत वाटली. रॉयल कॅरिबियनचीच बोट साउथॅम्प्टन किंवा बार्सिलोनाहून धरलीत तर 18 पूर्ण पुरतात, केबिनलाही आणि बारलाही. अमेरिकेत दारूचं वय 21, म्हणून तिथल्या बंदरांना ही कटकट, असं मला वाटतं. शिवाय मार्चमध्ये कॉलेजची पोरं घोळक्यानं फ्लोरिडाला उतरतात, त्यांचा धाक कंपन्यांना असणारच. त्यात लग्न केलेली शहाणी पोरं भरडली जातात. शर्वरी, भाच्याला म्हणावं, पुढच्या वर्षी इकडे या, मी फिरवते.

---

प्रेषक: अंजली

मिलिंददादा, एजंटशी बोलणं झालं. सर्टिफिकेटचा स्कॅन पाठवला, त्यांनी बुकिंगवर नोंद केली, केबिन आमच्याच मजल्यावर मिळाली. सूनबाईंनी विचारलं, "अगदी शेजारी नाही ना?" नाही म्हटल्यावर बरं वाटलेलं दिसलं. जाऊबाईंना अजून कळवलेलं नाही.

आता जेवणाचं सांगा. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. ते आधी लिहून द्यायचं की पहिल्या रात्री वाढप्याला सांगायचं?