आदिवासी कॅसिनोतील चित्रीकरण आणि खेळाडूची तक्रार

कॅसिनोत पैसे कमी मिळाल्याची ‘शंका आली तर कॅमेऱ्याचे चित्रीकरण मागावे, वाद तिथेच मिटतो’ हे मत अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या कॅसिनोंना सरसकट लागू होत नाही. बिंगोसारख्या, म्हणजे तेथील कायद्याने केलेल्या जुगाराच्या तीन वर्गांपैकी दुसऱ्या वर्गातील खेळांसाठी तेथील केंद्रीय नियमांनुसार चित्रीकरण किमान 7 दिवस जपावे लागते. त्या मुदतीत संशयित गुन्हा, संशयास्पद हालचाल किंवा सुरक्षारक्षकांनी कोणाला अडवून ठेवल्याची घटना आढळली, तर त्याची प्रत किमान एक वर्ष ठेवावी लागते. नुसती ‘मला कमी पैसे मिळाले’ ही तक्रार या यादीत नाही, म्हणून आठवडाभराने जाग येणाऱ्या खेळाडूच्या हाती बहुधा काहीच उरत नाही. तक्रार त्याच दिवशी, लेखी, वेळ आणि यंत्राचा क्रमांक नोंदवून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

स्लॉट यंत्रे आणि ब्लॅकजॅक तिसऱ्या वर्गात मोडतात. त्यांच्यावर असे अंतर्गत नियंत्रणाचे नियम लादण्याचा अधिकार जमातींच्या जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाला (नॅशनल इंडियन गेमिंग कमिशन) नाही, असा निकाल 2006 साली अपील न्यायालयाने दिला. त्यामुळे तेथे जमात आणि राज्य यांच्यातील करार व जमातीचे स्वतःचे नियम पाहावे लागतात. जमातींना सार्वभौम संरक्षण, म्हणजे स्वतंत्र सत्ता म्हणून दाव्यांपासून संरक्षण, असल्याने राज्याच्या न्यायालयात थेट दावा लावणे सहसा जमत नाही. तक्रार आधी कॅसिनोच्या व्यवस्थापनाकडे आणि मग जमातीच्या जुगार नियामक मंडळाकडे जाते. नियामक आणि मालक दोघेही एकाच जमातीचे, हे खेळाडूला खटकणे स्वाभाविक आहे. मात्र राज्य सरकारे स्वतःच्या लॉटऱ्या चालवतात, तेव्हा हा आक्षेप क्वचितच ऐकू येतो.