छायाचित्रापलीकडचे प्रतिनिधित्व
योगविषयक मासिकात व्हीलचेअरवरील व्यक्तीचे छायाचित्र आले की दिव्यांगांचे प्रतिनिधित्व साधले, असे काहींचे मत असते; ते मला अपुरे वाटते. त्या छायाचित्राखाली बहुधा ‘जिद्द’ हा शब्द असतो. पाठीमागे उशी कुठे ठेवली, श्वास कसा सांभाळला, याविषयी मात्र एक ओळही नसते. १९७८ मधील अपघातात, वयाच्या १३व्या वर्षी छातीखालचे शरीर लुळे पडलेले अमेरिकेतील मॅथ्यू सॅनफर्ड पुढे अय्यंगार पद्धतीचे (बी. के. एस. अय्यंगार यांची, उशी-पट्ट्यांसारख्या साधनांचा आधार घेणारी पद्धत) योगशिक्षक झाले. अशी माणसे कौतुकाचा विषय म्हणून नव्हे, तर शिकवणारी म्हणून दिसायला हवीत. शिवाय (याकडे क्वचितच लक्ष जाते) चित्रफितीतील शिक्षक नुसते ‘असे करा’ म्हणून थांबतो, तेव्हा दृष्टिहीन साधकाला हात नेमका कुठे न्यायचा हे कळतच नाही.