प्रति: शार्पशूटरला पिस्तूल की रायफल?

शार्पशूटरला (लांबून नेम धरणाऱ्या सैनिकाला) पिस्तुलाची कौशल्यं देत वाढवणं म्हणजे पथकातली एक जागा फुकट घालवणं, हे या चर्चेत आधी मांडलेलं मत एक्सकॉम २ या व्हिडिओ गेमपुरतं तरी मला अजिबात पटलं नाही. स्नायपर रायफलला एका टर्नमधल्या (आपल्या पाळीतल्या) दोन्ही ॲक्शन लागतात, म्हणजे जागा बदलली की त्या टर्नला गोळी नाही. टर्नची मर्यादा असलेल्या मोहिमांत तर सतत पुढे सरकावंच लागतं. तिथे पिस्तूलच कामी येतं.

इथे चिलखताबद्दल कुणीच बोललेलं नाही. 'फॅन फायर' या पिस्तुलाच्या कौशल्यात एकाच शत्रूवर सलग तीन गोळ्या सुटतात, आणि त्यांपैकी प्रत्येकीच्या नुकसानीतून शत्रूचं चिलखत वेगळं वजा होतं. म्हणून आधी 'श्रेडर' (चिलखत फोडणारं कौशल्य) घेतलेल्या ग्रेनेडियरने, म्हणजे पथकातल्या जड शस्त्रं वापरणाऱ्या सैनिकाने, ते फोडून घ्यायचं. ब्लूस्क्रीन राउंड्सचा (यांत्रिक शत्रूंना जास्त इजा करणाऱ्या गोळ्यांचा) फायदा पिस्तुलालाही मिळतो. 'क्विकड्रॉ' या कौशल्यामुळे पिस्तुलाच्या पहिल्या गोळीने टर्न संपत नाही, म्हणून आधी एक साधी गोळी, लगेच फॅन फायर. सेक्टोपॉडवर (चिलखती महाकाय यंत्रमानवावर) हे एकदा करून बघाच!