‘घर’मध्ये आवाज किती? अक्षर, वर्ण, ध्वनी

प्रश्न : भाचीला शाळेत ‘घर’चा वर्णविग्रह घातलाय. ती म्हणते दोन. पुस्तकाच्या हिशोबानं चार, घ् + अ + र् + अ. मी म्हणून बघतो तर शेवटचा अ कुठं ऐकूच येत नाही, म्हणजे तीनच झाले. बरोबर कोण?

उत्तर : तिघंही. भाची अक्षरं मोजते, पुस्तक वर्ण, तुम्ही ध्वनी. शब्दाच्या शेवटचा अ मराठी माणूस गिळतो, देवनागरी मात्र तो धरूनच चालते. परीक्षेत चारच लिहू द्या, उगाच मार्क जायचे.

पण भाचीचं ‘दोन’ जास्त मोलाचं आहे. सुटा घ् कानाला आपोआप वेगळा काढता येतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. पोर्तुगालमध्ये संशोधक मोराइस आणि सहकाऱ्यांनी 1979 साली निरक्षर प्रौढांना उच्चाराचा पहिला ध्वनी काढून उरलेलं म्हणायला सांगितलं. बहुतेकांना जमेना. मोठेपणी लिहा-वाचायला शिकलेल्यांना ते जमत होतं. चीनमध्येही तेच : 1986 च्या अभ्यासात फक्त चित्रलिपी येणारे अडले, जोडीला रोमन वळणाची पिनयिन शिकलेले अडले नाहीत. म्हणजे नुसतं साक्षर असून भागत नाही, लिपी कुठली हेही बघावं लागतं.

आपली लिपी अधलीमधली. बाराखडीत काना, वेलांटी वेगळी दिसते, व्यंजन मात्र अ पोटात घेऊनच बसलेलं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या पोरांची ‘च’ची भाषा ऐका. पहिलं अक्षर मागं टाकायचं, पुढं च लावायचा : ‘मला’चं ‘चलाम’, ‘पुस्तक’चं ‘चस्तकपु’. तोंडात हा शब्द पुस्-तक असा तुटतो, पोरं तोडतात पु-स्तक, कारण वहीत जोडाक्षर ‘स्त’ आहे! भेंड्यांतही गाणं ‘घर’वर संपलं की समोरचा बिनघोर ‘र’वरून सुरू करतो. तो र् आहे, र नाही, यावर कुणी भांडल्याचं ऐकलं नाही.

दुसरं उत्तर : लिपी जे दाखवत नाही त्याकडं आपला कान जातच नाही, हेही जोडा. ‘चमचा’ आणि ‘चमचे’ लागोपाठ म्हणा. पहिल्यात शेवटच्या च ला जीभ दातांमागं, दुसऱ्यात टाळूकडं. चारा-चार, माझा-माझी, तसंच. रोज बोलतो, पण खूण एकच, म्हणून सांगेपर्यंत लक्षात येत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचं बरोबर उलट : देवनागरी फरक दाखवते, बोलण्यात तो उरत नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारातले मोडी कागद बघा : इ-ई ला एकच खूण, उ-ऊ लाही एकच. एवढा मोठा कारभार त्यावर चालला, कुणाचं अडलं नाही. वेलांटीवरून लाल शाई ही देवनागरी छापल्यानंतरची हौस, असं माझं मत.

प्रश्नकर्ता : मग ‘दिन’ आणि ‘दीन’?

दुसरं उत्तर : दोन्ही संस्कृतातून आलेले. मुद्दाम तोलून न बोलता म्हणा, दोन्ही ‘दीन’च निघतात. ‘शिक्षक दिन’ ऐकून शिक्षकांची कुणाला कीव येत नाही, ती शब्दांच्या संगतीमुळं.

तिसरं उत्तर : सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, ‘एसटी’ला ‘यष्टी’ म्हणणाऱ्याला हसणारे तिकीट मात्र ‘येक द्या’ म्हणूनच मागतात. लिहिताना ‘एक’. विचारलं तर शपथेवर सांगतील, य लावलाच नाही.