चहाची फ्रँचायझी घ्यावी की स्वतःच्या नावाने दुकान काढावे?

सातारकर:
चाकणची नोकरी सोडून साताऱ्यात एसटी स्थानकाजवळ चहाचे दुकान काढण्याचा विचार आहे. गाळा पाहून ठेवला आहे आणि हाताशी सात लाख रुपये आहेत. चहाच्या दुकानांच्या एका साखळीने फ्रँचायझीसाठी, म्हणजे त्यांच्या नावाने शाखा चालवण्यासाठी, तीन लाख शुल्क व दरमहा विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी (नाव वापरण्याचा मोबदला) सांगितली आहे. घरचे म्हणतात, चहा आपल्यालाही करता येतो. जाणकारांनी मत द्यावे.

हिशेबनीस:
रॉयल्टी नफ्यावर नसून विक्रीवर आहे, म्हणजे तोट्याच्या महिन्यातही ती भरावी लागणारच. दहा रुपयांचे ५०० कप रोज गेले, तर महिन्याची विक्री दीड लाख आणि रॉयल्टी साडेसात हजार होते. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,३५० रुपये. वर्षाची विक्री २० लाखांच्या आत राहिली तर आपल्याला नोंदणी लागत नाही, आणि केली तरी उपाहारगृहाच्या ५ टक्के दरात आपण भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. त्यामुळे हा कर खिशातूनच जातो. तीन लाखांवरचे ५४ हजारही तसेच.

जुना गाळेवाला:
मी चार वर्षे एका साखळीची शाखा चालवली. पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक आले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. स्वतःच्या नावाला ते जमायला वर्ष गेले असते. मात्र चहा पावडर, मसाला, कप सारे त्यांच्याकडूनच घ्यायचे, आणि त्यांची मालाची गाडी आली नाही की मी बाजारातल्या पावडरीची चव गवती चहात दडवून वेळ मारून नेत असे. पुढे त्याच रस्त्यावर त्यांनी दुसरी शाखा दिली. करारात हद्दच लिहिलेली नव्हती, मग भांडणार कशावर? तेव्हा हद्द लिहून घ्या आणि गाळ्याचा भाडेकरार कोणत्याही परिस्थितीत स्वतःच्याच नावावर करा.

वकिली करणारा:
भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही, १८७२ च्या करार कायद्यावरच बहुतेक भिस्त असते. साखळीने आधी कोणती माहिती द्यावी हे सांगणारा असा कायदा नसल्याने इतर शाखांचे हिशेब तुम्हीच मागून पाहावेत. मुदत संपल्यावर चहाचा धंदा करायचा नाही, ही अट त्याच कायद्याच्या कलम २७ पुढे (धंदा करण्यास बंदी घालणारा करार रद्दबातल) सहसा टिकत नाही. त्यांचे नाव व पाटी मात्र उतरवावीच लागेल.

सातारकर:
आभारी आहे. गाळामालकाला थांबायला सांगितले आहे. सोमवारी पहाटे पाचपासून स्थानकासमोरच्या टपरीवर बसून कप मोजणार आहे.