दापोली तालुक्यातील जुने चिरेबंदी घर: दुरुस्ती कोणत्या क्रमाने आणि कोणाकडून करून घ्यावी?

ओटीवरचा_डोंबिवलीकर

नमस्कार. आमचे मूळ घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून थोडे आत आहे. आजोबांनी ते 1940 च्या सुमारास बांधले. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या असून सांधे मातीचे आहेत; ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी अशी मांडणी आहे. छपराला आईन आणि किंजळीचे वासे असून वर मंगळुरी कौले आहेत. छपराचे उतारासह क्षेत्रफळ साधारण 1,500 चौरस फूट भरते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात पडवीची कौले उडाली, तेव्हा तात्पुरते म्हणून घातलेले पत्रे आजही तेथेच आहेत. माजघराच्या उत्तरेकडील भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत ओल येते आणि त्याच भिंतीला एक तिरकी भेग आहे. दोन-तीन वाशांना वाळवी लागलेली दिसते.

गेल्या महिन्यात तीन कारागिरांना घर दाखवले आणि तिघांनी तीन सल्ले दिले. गवंड्याच्या मते सर्व भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ओल थांबेल. फॅब्रिकेटर म्हणतो की लाकूड पूर्ण काढून लोखंडी पाइप आणि रंगीत पत्रे घालावेत, म्हणजे दरवर्षीच्या शाकारणीची (कौले उतरवून पुन्हा नीट बसवण्याची) कटकट संपेल. सुताराच्या मते खराब वासे तेवढे बदलले तरी छप्पर पुष्कळ वर्षे टिकेल. माझ्या भावाचा आग्रह असा की सर्व काम एकाच ठेकेदाराला उक्ते, म्हणजे आधी ठरवलेल्या रकमेत, द्यावे, कारण आम्हां दोघांनाही महिन्यातून फार तर एकदाच गावी जाता येते. कामाला सुरुवात कोठून करावी आणि कोणाच्या सांगण्यावर विसंबावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_अभियंता

आपले वर्णन वाचता घर मुळात निरोगी असावे असे वाटते. त्यामुळे कोणतेही काम ठरवण्यापूर्वी पाणी घरात नेमके कोठून येते हे शोधावे. कारागिरांचे तीनही सल्ले या प्रश्नाला बगल देतात.

उत्तरेच्या भिंतीपासून सुरुवात करा. बाहेरच्या बाजूला जमीन जोत्याच्या (घर ज्यावर उभे असते त्या चौथऱ्याच्या) वर चढलेली आहे का, हे पाहा. कोकणात दरवर्षी मागच्या डोंगराची माती वाहून येते आणि पन्नास-साठ वर्षांत जोते अर्धे गाडले जाते. घरच्या माणसांच्या ते लक्षातही येत नाही. त्यातच वळचण (छपराची भिंतीबाहेर आलेली कड) तोकडी असेल तर पागोळ्या नेमक्या भिंतीच्या पायथ्याशी पडतात. तसे असल्यास भिंतीलगतची माती काढून जोते उघडे करणे, पाणी घरापासून दूर जाईल असा उतार देणे आणि भिंतीपासून दोन-तीन फुटांवर दगडी गटार काढणे, एवढ्याने निम्मी ओल जाते. हे बिगाऱ्याचे काम आहे, आणि खर्चाच्या मानाने फायदा सर्वाधिक याच कामाचा होतो.

सिमेंटच्या गिलाव्याला माझा स्पष्ट विरोध आहे. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी शोषतो आणि ऊन पडले की सोडतो. मातीचे सांधेही तसेच वागतात. सिमेंटचा कडक थर दोन्ही बाजूंनी दिला की जमिनीतून चढलेले पाणी बाहेर पडू शकत नाही, ते वर वर सरकते आणि आज कमरेपर्यंत असलेली ओल काही वर्षांत खांद्यापर्यंत जाते. पुढे सांध्यांतील माती भिजून सुटते आणि गिलावा पोकळ होऊन पापुद्र्यांनी पडू लागतो. तोवर गवंडी दुसऱ्या गावी गेलेला असतो. त्याऐवजी सांधे इंच-दीड इंच खोल खरवडून चुन्याचा दर्जा, म्हणजे सांध्यांतील भरण, भरावा. एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू हे प्रमाण घ्यावे. कळीचा चुना आणलात तर तो आधी काही दिवस पाण्यात विरवून मुरू द्यावा लागतो. विरवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच. भरलेला दर्जा किमान आठवडाभर ओलसर ठेवावा आणि त्यावर थेट ऊन पडू देऊ नये.

तिरक्या भेगेवर दोन ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसचे ठिपके आडवे बसवून त्यांवर तारीख घाला. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावरही ठिपके अखंड राहिले, तर भेग जुनी आणि थांबलेली आहे. ते तडकले, तर पाया खचतो आहे असे समजून स्थापत्य अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवावे. गवंड्याने ती बुजवण्यात अर्थ नाही. भिंतीला ओळंबाही लावून पाहा. भिंत मध्ये फुगली असेल, तर छपराला हात लावण्यापूर्वी तिला टेकू द्यावा लागेल.

छपराबाबत मी सुताराच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. वासे खालून पाहून काहीच कळत नाही. ते कुजतात ते टोकांना, म्हणजे भिंतीत शिरलेल्या भागात आणि वळचणीजवळ. तेथील कौले उतरवून प्रत्येक वाशाच्या टोकात पटाशी (सुताराची छिन्नी) टोचायला लावा. ती सहज आत गेली तर वासा बदला किंवा टोकाला नवा जोड द्या. न गेल्यास तो वासा तुमच्या नातवंडांनाही पुरेल. वाळवीसाठी लाकडावर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे द्रावण मारता येते. पण वाळवी जमिनीतून भिंतीच्या मातीतून वर येते, म्हणून पायालगत भोके पाडून औषध घालण्याचे काम परवानाधारक कंपनीकडूनच करून घ्यावे. राहत्या घरांतील या कामासाठी आयएस 6313 या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. अंदाजपत्रक मागताना त्याचा उल्लेख करा, म्हणजे समोरचा माणूस कितपत जाणकार आहे ते कळेल.

गुहागरचा_माळी

अभियंता साहेबांचे भिंतींविषयीचे म्हणणे पटते, पण छपराविषयी वेगळे मत मांडतो. आमच्या वाडीत पूर्वी मे महिन्यात शाकारणी करणारी चार-पाच माणसे सहज मिळत. आता कौलांवर पाय कोठे द्यायचा हे जाणणारे एकच वृद्ध गृहस्थ उरले आहेत आणि त्यांना त्यांचे मुलगे वर चढू देत नाहीत. शिवाय वानरे. टोळी एकदा छपरावरून धावत गेली की पंधरा-वीस कौले फुटतात, आणि घर बंद असेल तर त्यातून गळणारे पाणी महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. वासे खरे कुजतात ते अशा वेळी. जे लोक महिन्यातून एकदा गावी येणार, त्यांनी कौलांचा हट्ट किती धरावा? आम्ही पत्रे घातले. उन्हाळ्यात दुपारी घरात बसवत नाही आणि पावसात फोनवर बोलता येत नाही, हे मान्य. पण घर कोरडे आहे.

निवृत्त_अभियंता

माळी साहेबांचा मुद्दा खरा आहे आणि मी तो लिहायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे. फक्त फॅब्रिकेटर एक गोष्ट सांगत नाहीत. मंगळुरी कौले एका चौरस मीटरला साधारण 15 लागतात. म्हणजे या छपरावर दोन हजारांच्या वर कौले असून त्यांचे कोरडे वजनच पाच टनांच्या आसपास आहे. हे वजन छप्पर जागेवर ठेवते आणि भिंती दाबून धरते. पत्रा हलका असतो. वादळात त्याला वर उचलणारा जोर येतो आणि त्याला खाली बांधून ठेवावे लागते. मातीच्या सांध्यांतील वरच्या चिऱ्यांमध्ये बोल्ट धरत नाही. म्हणून पत्र्याचे छप्पर करायचेच असेल, तर भिंतींच्या माथ्यावर सलग आरसीसी (लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा) पट्टा ओतून त्यात बोल्ट बसवावे लागतात. तो खर्च धरला की पत्रा स्वस्त राहत नाही.

बंद राहणाऱ्या घरासाठी मधला मार्ग आहे आणि तो कोकणात व गोव्यात आता बराच रूढ झाला आहे: वाशांवर आधी पत्रा, त्यावर उताराच्या दिशेने पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा (कौले टेकतात त्या लाकडी पट्ट्या) आणि मग जुनीच कौले. कौल फुटले तरी पाणी पत्र्यावरून वळचणीला जाते. उभ्या पट्ट्या गाळून रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या, तर पाणी प्रत्येक रिपेपाशी अडते आणि हवाही खेळत नाही. सुताराला हे चित्र काढून दाखवा.

फोंड्याची_सुलभा

आमचे घर गोव्यात, पण बांधणी हीच. मला तांत्रिक ज्ञान नाही. मात्र दोन जुन्या घरांची कामे कारागिरांकडून करून घेतली आहेत, म्हणून कामाच्या व्यवहाराविषयी लिहिते.

सर्व काम एकाला उक्ते देऊ नका, दादा. जुन्या घरात काय निघेल हे उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. उक्त्या कामाचा ठेकेदार एक तर भीतीपोटी दर चढवून सांगतो, नाही तर कमी सांगतो आणि कुजलेले टोक दिसले की त्यावर फळी मारून मोकळा होतो. ज्याचे माप घेता येते ते उक्ते द्यावे: दर्जा ब्रासवर (शंभर चौरस फुटांवर), गटार फुटावर, रिपा-कौले छपराच्या क्षेत्रफळावर. वाशांची दुरुस्ती, भिंतीतले चिरे बदलणे, दारे-खिडक्या यांना रोजंदारीच योग्य. सामान मात्र स्वतः घ्यावे, विशेषतः लाकूड.

चांगला सुतार मिळाला तर त्यालाच मुख्य मिस्त्री माना. आमच्याकडे गवंडी आणि वायरमन केव्हा लागतील हे सुतारच सांगत असे, कारण छप्पर उघडे असण्याचे दिवस त्याच्या हिशेबावर ठरतात. कागद साधाच करावा, पण करावा. काम कोणते, दर काय, परांचीचे (उंचावर काम करण्याच्या मचाणाचे) सामान कोण आणणार, मोडलेले साहित्य कोण वाहून नेणार, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. उचल द्यावी लागते, त्यात गैर काही नाही. ती झालेल्या कामाच्या पुढे फार जाऊ देऊ नये एवढेच. छपराच्या कामाचा दहावा हिस्सा पहिले मोठे पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवले, तर पुढे कटुता येत नाही.

वेळेचा विचार सर्वांत आधी करा. जून-जुलैत माणसे पेरणी-लावणीला जातात, नंतर गणपतीच्या तयारीसाठी प्रत्येक घराला गवंडी आणि रंगारी हवा असतो, आणि तुमच्याकडे शिमग्याला पालख्या निघाल्या की काम थांबणार हे गृहीत धरावे. दिवाळीनंतर भिंती आणि गटार, जानेवारीपासून छप्पर, आणि मृगाच्या आधी निदान महिनाभर सर्व बंद, असे बसवले तर सोयीचे जाईल.

आणखी एक. घर आजोबांचे असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या (घरपट्टीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर आज कोणाकोणाची नावे आहेत ते पाहून, सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती काम सुरू होण्यापूर्वी घ्या. छप्पर उघडल्यावर चुलतभावाची हरकत आली, तर पाऊस तिच्या निकालासाठी थांबत नाही.

ओटीवरचा_डोंबिवलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे, तेव्हा वारस नोंदीचे काम आधी हाती घेतो. बाहेरची जमीन जोत्यावर चढली आहे का, हे गावातील काकांना फोन करून विचारले. उत्तरेकडे जोत्याची जेमतेम एक रांग दिसते, असे ते म्हणाले. दोन शंका आहेत. चुन्यात काम करणारा गवंडी आमच्या भागात मिळाला नाही तर काय करावे? आणि माजघरातील सारवणाची जमीन काढून त्यावर व्हिट्रिफाइड फरशी घालण्याची घरातील सर्वांची इच्छा आहे, ती आता घालावी का?

निवृत्त_अभियंता

चुन्याचा गवंडी नसेल, तर सिमेंटकडे वळण्यापेक्षा जुन्याच पद्धतीने मातीने दर्जा भरून घ्यावा. गावातील कोणताही वयस्क गवंडी ते करील. पावसाची झड लागणाऱ्या बाजूला वळचण फूटभर वाढवली की तो दर्जा टिकतो.

फरशी या वर्षी घालू नका. व्हिट्रिफाइड फरशीतून ओल वर येत नाही. ती बाजूला सरकून भिंतींत चढते, आणि उत्तरेची भिंत तर आधीच भिजलेली आहे. गटार काढून एक पावसाळा जाऊ द्या. पुढच्या दिवाळीला भिंत कोरडी दिसली, तर चुन्याच्या थरावर शहाबादी फरशी घाला आणि तिचे सांधेही चुन्यातच भरा. वायरिंग मात्र छप्पर उघडे असतानाच बदलून घ्या; माळ्यावर उंदीर असतात, म्हणून तारा नळीतून न्याव्यात आणि मुख्य स्विचपाशी आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवावा. काकांना उत्तरेच्या जोत्याचे दोन-तीन फोटो काढून पाठवायला सांगा आणि ते येथे टाका. गटार भिंतीपासून किती अंतरावर घ्यावे, हे त्यावरून सांगता येईल.