दीड हजारात वायरलेस इअरबड्स घेऊ नका, वायरवाला घ्या. माझं मत, पटत नसेल तर बोला

सेकंड_शिफ्ट

माझ्या इअरबड्सचा डावा कान गेल्या आठवड्यात गेला. घेऊन अडीच वर्षं झाली. केसमध्ये ठेवला की उजव्याची लाईट लागते, डाव्याची नाही, आणि उजवा पण आता पाऊण तासात टुंग करून बंद पडतोय. मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, राहायला फुलेवाडीत, म्हणजे जाऊन येऊन बसमध्ये बराच वेळ जातो आणि दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो, भजनं, बातम्या, कधी मुलाखती ऐकत जातो. बजेट १५०० रुपये, त्याच्यावर जमणारच नाही, जूनमध्ये पोरीची फी भरलीय.

आधी विचार केला की एकटा डावा बड मिळाला तर बघू. कंपनीला फोन केला (नाव लिहीत नाही), तर म्हणाले ते मॉडेल बंद झालं, नवीन सेटच घ्या. बॅटरी बदलून द्या म्हटलं तर म्हणे बड उघडत नाहीत, चिकटवलेले असतात. इथंच माझं डोकं फिरलं. कापसाच्या बोळ्याएवढी बॅटरी गेली म्हणून सगळा सेट टाकायचा?

म्हणून माझं मत असं झालंय की कमी पैशात वायरलेसच्या नादाला लागूच नये. त्या १५०० मध्ये तीन बॅटऱ्या येतात, दोन बडच्या आणि एक केसची, वर ब्लूटूथची चिप, माइक, चकचकीत डबा. आवाज जिथनं येतो त्या स्पीकरला शेवटी किती पैसे उरतात? वायरवाल्यात सगळा पैसा आवाजावर. चार्जिंग नाही, जोडाजोडी नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी सांगा, मला खरंच दोन दिवसात घ्यायचाय.

विद्यापीठ_रोड

शंभर टक्के सहमत दादा. मी हॉस्टेलवर राहतो, माझा वायरवाला हजाराच्या आतला आहे आणि मित्राच्या तिप्पट किमतीच्या बड्सपेक्षा त्यात तबला स्वच्छ ऐकू येतो, बोटाचा आणि तळव्याचा आवाज वेगळा कळतो. केझी, मूनड्रॉप असल्या कंपन्यांचे बघा, बऱ्याच मॉडेलची वायर सुटी निघते म्हणजे वायर गेली तर नुसती वायर बदलायची. आणि अजून एक, ब्लूटूथवर फोनवर बोलायला लागलं की माइक चालू होतो आणि सगळं कॉलच्या मोडवर जातं, आवाजाचा दर्जा एकदम पडतो, डब्यातनं बोलल्यासारखा. वायरीत ही भानगडच नाही.

कळंब्याची_ताई

मला अजिबात पटलेलं नाही. तुम्ही दोघं वायरचं गुणगान गाताय पण संध्याकाळी सहाच्या केएमटी बसमध्ये उभं राहून बघितलंय का? माझी वायर एका बाईच्या पर्सच्या चेनमध्ये अडकली, ती दसरा चौकात उतरली आणि माझा फोन तिच्याबरोबर ओढला जाऊन पायरीवर आपटला. नवीन स्क्रीनला जे पैसे गेले त्यात इअरबड्सचे दोन सेट आले असते. गर्दीत वायर म्हणजे जोखीम आहे, आणि ती कुठल्याच किमतीच्या हिशोबात कोणी धरत नाही.

दुसरं म्हणजे आता फोनला वायर लावायचा जॅक आहे कुठं? २०१६ ला आयफोन ७ मधून जॅक काढला, मग एकेक करून बऱ्याच कंपन्यांनी काढला. तुमच्या फोनला जॅक आहे का ते आधी सांगा दादा. नसेल तर टाइप-सीचा जोड घ्यावा लागणार, आणि स्वस्तातला जोड सगळ्या फोनला चालत नाही, ज्याच्या आत आवाजाची स्वतःची चिप असते तोच घ्यावा लागतो. शिवाय जोड लावला की चार्जिंगचं भोक गेलं.

राजारामपुरी_काउंटर

मी मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानात काउंटरला असतो, मालक नाही, त्यामुळं खरं तेच सांगतो. सेकंड_शिफ्ट भावा, तुझा राग बरोबर हाय पण निष्कर्ष चुकीचा हाय. १५०० मध्ये आज मिळणारे वायरलेस अडीच वर्षांमागच्यापेक्षा लई सुधारलेत. फसतात कुठं लोक, तर डब्यावरचं वाचून. रोज दहा जण येऊन विचारतात ह्यात नॉइज कॅन्सलेशन हाय का, आणि डब्यावर ईएनसी लिहिलेलं बघून घेऊन जातात. अरे ईएनसी म्हणजे तुझ्या माइकातला गोंगाट कमी होतो, समोरच्याला तू नीट ऐकू येतोस. तुझ्या कानाला त्याचा काय उपयोग न्हाई. तुझ्या कानासाठी एएनसी पाहिजे, ए वरनं. आणि ती पण इंजिनाची घरघर, पंखा असला एकसारखा जाड आवाज कापते, कंडक्टरची शिट्टी न्हाई कापत.

मग डब्यावर बॅटरीचे लिहिलेले ते "५० तास". ते केससकट, निम्म्या आवाजावर मोजलेलं. बड एका दमात किती चालतो ते बारीक अक्षरात असतं, ते वाच. पाण्याचं पण बघ, आपल्याकडं पावसात आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतात, ५ म्हणजे धार चालते. एक्स म्हणजे धुळीची चाचणी केली का ते सांगितलेलं न्हाई. तू फाउंड्रीत, तुला धूळ जास्त, म्हणून केस खिशात नुसती टाकू नको, पिशवीत ठेव.

आणि एक काम कर आज रात्री, पैसे खर्चायच्या आधी. डाव्या बडच्या खाली दोन पितळी ठिपके असतात आणि केसमध्ये दोन पिना. कानातला मळ आणि घाम बसून ते काळे पडतात, चार्जच होत न्हाई, आणि लोकांना वाटतं बड मेला. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हळू पुस, वाळू दे, मग ठेव. दुकानात आलेल्या मेलेल्या बडपैकी बरेच असे उठून बसलेले बघितलेत मी.

विद्यापीठ_रोड

काउंटर भाऊ, पिनांचं बरोबर. पण नवीन घेतले तरी बॅटरी परत अडीच वर्षांनी मरणारच की. एका बडमध्ये ३०-५० एमएएच, रोज रिकामी रोज भरली, दुसरं होणार काय? आपण दर दोन-तीन वर्षांनी दीड हजार कचऱ्यात टाकणार आणि वर त्याला सुधारणा म्हणणार, हे मला मान्य नाही.

राजारामपुरी_काउंटर

मग नेकबँड घ्या की! मानेत पट्टी असते तिथं जागा हाय म्हणून बॅटरी बडच्या कितीतरी पट मोठी, त्यामुळं रोज रिकामी होत न्हाई. एक कान पडून हरवला हा प्रकारच न्हाई. वायर पण फोनला न्हाई, म्हणजे ताईंचा फोन वाचला. दिसायला जुनं वाटतं म्हणून पोरं घेत न्हाईत, पण आमच्याकडं रिक्षावाले, डिलिव्हरीवाले नेकबँडच मागतात. ज्यांचं दिवसभर काम त्यावर चालतं ते काय घेतात ते बघायचं. फक्त पक्कं बिल घ्या, वॉरंटी बिलावर असते, डब्यावर न्हाई.

जुनी_फाउंड्री

मी निवृत्त आहे. बत्तीस वर्षं शिरोलीत फाउंड्रीत काढली, उजव्या कानानं आज कमी ऐकू येतं, म्हणून हे मनापासून लिहितोय. तुम्ही सगळे आवाज चांगला की वाईट, बॅटरी किती, ह्यावर बोलताय. कानात बड नीट बसतो का, ह्यावर काउंटरवाल्यांनी पण काही लिहिलं नाही.

बडची रबरी टिप कानात घट्ट बसत नसेल तर बसचा आवाज आत येतो, मग माणूस आवाज वाढवतो, आणि त्याला कळत पण नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, त्याच्या पुढं धोका, आणि आवाज जसा वाढेल तसे तास भराभर कमी होतात. तुम्ही आधीच आठ तास भट्टी आणि फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायच्या, आवाजात असता बाळ. तिथं इअरप्लग घाला, इअरबड्स म्हणजे इअरप्लग नव्हे. डब्यात तीन मापांच्या रबरी टिपा येतात, लोक मधली लावलेली असते तीच वापरतात. दोन्ही कान सारखे नसतात. माझ्या डाव्याला मधली बसते, उजव्याला छोटी.

एक करून बघा. बसमध्ये जेवढा आवाज ठेवता तेवढाच, बटणाला हात न लावता, रात्री घरी शांत खोलीत लावून बघा.

कळंब्याची_ताई

काका, हे कुणीच सांगत नाही. मी नेहमी मधलीच वापरत आले आणि उजवा सारखा निसटतो म्हणून कंपनीला शिव्या घालत होते.

सेकंड_शिफ्ट

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. ताई, माझ्या फोनला जॅक नाही, हे मी विचारातच घेतलं नव्हतं, तेवढ्यापुरतं माझं चुकलं. जोडाचे दोन-तीनशे धरले तर वायरीचा फायदा बराच कमी होतो.

काउंटर भावा, पिना पुसल्या. अल्कोहोल बायकोच्या पार्लरच्या सामानात होतं. डावा उठला! लाईट लागली, तासभर चार्ज केला, लावला तर पंचवीस मिनिटं चालून गेला. म्हणजे मळ पण होता आणि बॅटरी पण थकलीय. घरात भांडी घासताना बायकोला द्यायला चालेल, बसला नाही.

आणि काका, तुम्ही सांगितलेलं काल रात्री केलं. पोरगी झोपलेली, पंखा बंद केला, सकाळी बसमध्ये होता तेवढ्याच आवाजावर लावलं. दोन सेकंदात कानातनं उपसून काढला. बायको पलीकडच्या खोलीतनं म्हणाली कुणाचा रेडिओ लागलाय. रोज जाता येता मी हे कानात घालत होतो.

त्यामुळं वायर की वायरलेस हा वाद माझ्यासाठी आता मागं पडला. रविवारी राजारामपुरीत येतो, नेकबँडच बघतो. तिन्ही टिपा लावून बघू देणार का तेवढं सांग भावा.

राजारामपुरी_काउंटर

सील फोडलं की माल परत जात न्हाई, पण डेमोचा एक सेट काउंटरवर असतो, टिपा स्पिरिटनं पुसून देतो. बाराच्या आत ये, नंतर गर्दी होते.

विद्यापीठ_रोड

मी पण येतो दादा, माझा वायरवाला घेऊन. एकदा तबला ऐकून बघा, मग घ्या काय घ्यायचं ते.